सात वेळा ‘क्षमस्व’, प्रश्न एकदाच

‘मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकटीच ग्रंथपाल आहे. जुन्या सॉफ्टवेअरमधल्या सुमारे ११ हजार पुस्तकांच्या नोंदी नव्या प्रणालीत नेताना अडकले, म्हणून ग्रंथपालांच्या मेलिंग लिस्टवर मदत मागितली. माझा मेल लिस्टवर दिसायलाच दोन दिवस लागले. मग एकच उत्तर आलं: “आधी जुने मेल शोधून बघा.” दोनदा आठवण केली, तरी शांतता. शेवटी लिस्टवरच्या तिघा ज्येष्ठांना थेट मेल केले. दोघांचं उत्तर नाही, तिसऱ्यांनी “लिस्टवर विचारा” एवढंच लिहिलं. आता लिस्टवरून काहीही आलं तरी उघडायला नको वाटतं. माझं काय चुकलं? की अशा ठिकाणी नवख्यांनी विचारूच नये? मूळ मेल सोबत जोडला आहे. ता. क. नोंदी काढून टाकायच्या होत्या, कारण मराठी शीर्षकांच्या जागी विचित्र चिन्हं दिसतात.’
– अडलेली ग्रंथपाल

सप्रेम नमस्कार,

तुमचा मूळ मेल मी तीनदा वाचला. त्यात ‘क्षमस्व’ सात वेळा आहे. ‘आपला अमूल्य वेळ घेते, क्षमस्व’, ‘प्रश्न बाळबोध असल्यास क्षमस्व’, ‘मला तांत्रिक ज्ञान नाही, क्षमस्व’. अशा अकरा ओळी झाल्यावर शेवटून दुसऱ्या ओळीत प्रश्न येतो: ‘सर्व नोंदी एकदम कशा काढून टाकायच्या?’ विषयाच्या जागी ‘अर्जंट मदत हवी’. सोबत ५०० नोंदींची फाइल.

टोपणनावही तुम्ही ‘अडलेली’ असं घेतलं आहे. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण आपल्या अंगात इतकी भिनली आहे की मदत मागायची म्हणजे आधी पाय धरायचे, असंच आपण समजतो. तुमचं काय चुकलं ते एका वाक्यात सांगते: तुम्ही पाय धरलेत, पण काटा कुठे रुतलाय ते दाखवलं नाहीत.

आणि हो, नवख्यांनी विचारायचंच. त्याचसाठी या लिस्ट आहेत. तिथली सगळी ज्येष्ठ मंडळी कधी ना कधी अशीच अडली होती.

आधी तुमच्या कामाचं बोलू, कारण शिष्टाचारातलं बरंचसं त्यातूनच उलगडेल. लिस्टवर तुम्ही विचारलंत, नोंदी कशा काढून टाकायच्या. मला मात्र ता. क. मध्ये सांगितलंत, की मराठी शीर्षकं बिघडली आहेत. खरा प्रश्न हा ता. क. मधला आहे. नोंदी काढून टाकणं हा तुम्ही मनाशी ठरवलेला उपाय, आणि लिस्टवर पोचला तो फक्त उपाय. समजा, कुणी भल्या माणसानं लगेच सांगितलं असतं, की या मेनूत जा, सगळं निवडा, काढून टाका. तुम्ही ११ हजार नोंदी पुसल्या असत्या, तीच फाइल पुन्हा आयात केली असती, आणि तीच विचित्र चिन्हं पुन्हा समोर उभी राहिली असती. उत्तर बरोबर, आणि तुमची दोन दिवसांची मेहनत पाण्यात.

आता ‘विचित्र चिन्हं’ याकडे वळते. विचित्र म्हणजे कशी? हे तुम्ही ना त्यांना सांगितलंत, ना मला, आणि सगळं निदान तिथेच आहे. मराठी शब्दांच्या जागी नुसते रिकामे चौकोन दिसत असतील, तर बहुतेक वेळा माहिती शाबूत असते, त्या संगणकावर फॉन्ट नसतो. ओळीनं प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर बातमी वाईट आहे: जुन्या सॉफ्टवेअरमधून फाइल काढतानाच अक्षरं गळाली असण्याची शक्यता मोठी, आणि तसं असेल तर त्या फाइलमधून ती परत येणार नाहीत, फाइल नव्यानं काढावी लागेल. तिसरी तऱ्हा अशी: प्रत्येक अक्षरामागे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, मग एक गोल खूण, मग आणखी काहीतरी. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांची संगणकासाठीची एक सामाईक अक्षरयादी, आणि यूटीएफ-८ ही ती साठवायची एक पद्धत. तिच्यात देवनागरीचं एकेक अक्षर, एकेक मात्रा तीन बाइटांत साठवलेली असते. ते तीन बाइट कुणी तीन वेगळी रोमन चिन्हं म्हणून वाचले, की हे असं दिसतं. ‘म’ असेल तर तिसरं चिन्ह वर्तुळातला ‘आर’ असतो, नोंदणीकृत व्यापारचिन्हाचा. याचा अर्थ फाइल ठीक आहे, वाचणारा चुकतो आहे.

यांतलं काहीच नसून भलतीच, कधी न पाहिलेली चिन्हं असतील, तर मार्क नोंदीचं शीर्ष तपासा. (मार्क, त्यातलंही मार्क २१, हा पुस्तकांच्या नोंदी संगणकात लिहिण्याचा ग्रंथालयांचा ठरलेला साचा.) मार्क २१ च्या प्रत्येक नोंदीची पहिली २४ अक्षरं म्हणजे तिचा लीडर. शून्यापासून मोजलं तर त्यातलं नववं स्थान सांगतं, की या नोंदीची अक्षरं कोणत्या पद्धतीनं लिहिली आहेत, म्हणजे तिचं एन्कोडिंग कोणतं. तिथे रोमन लहान ‘ए’ असेल तर युनिकोड, रिकामी जागा असेल तर मार्क-८. मार्क-८ ही जुनी पद्धत, आणि तिच्यात देवनागरी नाहीच. जुनी सॉफ्टवेअरं अक्षरं युनिकोडमध्ये लिहितात आणि ती जागा मात्र रिकामी सोडतात, असं होतं. मग नवी प्रणाली त्या रिकाम्या जागेवर विश्वास ठेवते आणि चांगल्या मजकुराचं ‘रूपांतर’ करायला जाते. मार्कएडिट नावाचं विनामूल्य साधन आहे, त्यात ते स्थान सगळ्या नोंदींत एकदम बदलता येतं.

पाहा, चार चिन्हं, चार कारणं. पडद्यावर दिसणारी एक ओळ तुम्ही जशीच्या तशी मेलमध्ये चिकटवली असती, तर जाणत्या माणसाला उत्तर द्यायला अर्धं मिनिट पुरलं असतं. ‘मला तांत्रिक ज्ञान नाही’ हे लिहायची गरजच पडली नसती. चिकटवायला ज्ञान लागत नाही. आपल्या शब्दांत वर्णन करायला मात्र लागतं, आणि तिथेच आपण चुकतो. एरर आला असेल तर तोही अक्षरशः द्यावा, स्वल्पविरामासकट.

मदत मागण्यातला विनय मला इथे दिसतो. वाचणाऱ्याला ‘नेमकं काय दिसतं? आवृत्ती कोणती? काय करून पाहिलंत?’ असं उलटं विचारावं लागू नये, याची काळजी घेणं हा खरा आदर. लाज आपल्याला नेमक्या याच गोष्टी लपवायला लावते. आपण काय करून फसलो ते सांगायचा संकोच वाटतो, मूळ हेतू सांगितला तर अज्ञान उघडं पडेल असं वाटतं, आणि त्या रिकाम्या जागा आपण ‘क्षमस्व’नं भरतो. तुमच्या अकरा ओळींतून मला कळलं ते इतकंच, की तुम्हाला संकोच वाटतोय. तो वाचून मला वाईट वाटलं, पण मी मदत काहीच करू शकले नसते.

तुमच्या जागी मी असते तर असं लिहिलं असतं. विषय: ‘मार्क आयात: देवनागरी शीर्षकं बिघडतात, रोमन ठीक’. आणि खाली:

‘नमस्कार. जुन्या प्रणालीतून काढलेली मार्क २१ फाइल नव्या प्रणालीत (इथे नाव आणि आवृत्ती) आयात करते आहे. एकूण ११ हजार नोंदी. आयातीनंतर इंग्रजी शीर्षकं नीट दिसतात, मराठी शीर्षकांचं काय होतं ते खाली चिकटवलं आहे. तीच फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये यूटीएफ-८ म्हणून उघडली तर मराठी नीट वाचता येतं. आयात करताना एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ निवडलं होतं. एकच नोंद वेगळी काढून आयात केली, तरी तेच झालं. जुन्या मेलमध्ये “युनिकोड”, “एन्कोडिंग”, “देवनागरी” असं शोधलं. एक चर्चा सापडली, पण त्यात सांगितलेला पर्याय आमच्या आवृत्तीत दिसत नाही. मराठी शीर्षकं नीट यावीत एवढंच हवं आहे. सगळ्या नोंदी काढून पुन्हा आयात करावी असा विचार आहे, पण त्यानं फरक पडेल का? नसेल तर कुठे बघू? १५ दिवसांनी प्रणाली वाचकांसाठी सुरू करायची आहे. मनापासून आभार.’

यात ‘क्षमस्व’ एकदाही नाही, आणि उद्धटपणाही कुठे नाही. घाई आहे, पण ती तारखेनं सांगितली आहे. ‘अर्जंट’ या शब्दाला लिस्टवर फारसं कुणी हलत नाही, ‘१५ दिवसांनी’ हे मात्र लक्षात राहतं. असा मेल लिहिता लिहिता कित्येकदा उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं, तो वेगळाच फायदा.

विषयाच्या ओळीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण निम्मं नुकसान तिनं केलं. लिस्टवरचा जाणता माणूस कामाच्या मधल्या पाच मिनिटांत तीस-चाळीस विषय डोळ्यांखालून घालतो. मार्कमधलं ज्याला कळतं त्यानं ‘मार्क’ हा शब्दच पाहिला नाही, तर तो मेल उघडणार कशाला? शिवाय तुमचा मेल खाली पाहिला तर चर्चासत्राच्या सूचनेचा जुना मजकूर लोंबकळतो आहे. म्हणजे तुम्ही ती सूचना उघडलीत, ‘रिप्लाय’ दाबलंत आणि विषय बदललात. सगळेच करतात, पत्ता आयता मिळतो म्हणून. पण प्रत्येक मेलच्या आत न दिसणारं एक शीर्ष असतं. त्यात त्या मेलची स्वतःची ओळख असते आणि तो कोणत्या मेलचं उत्तर आहे तेही असतं. विषय बदलला तरी ती दुसरी नोंद जात नाही. बरेच मेल-प्रोग्रॅम तिच्याच आधारानं संभाषणं लावतात, त्यामुळे तुमचा प्रश्न कित्येकांकडे चर्चासत्राच्या पोटात जाऊन बसला असेल. चर्चासत्रात रस नसलेल्यांनी ते सगळं एका फटक्यात बाजूला सारलं. नवा प्रश्न नेहमी कोऱ्या मेलनं पाठवा.

दोन दिवस का लागले, तेही सांगते. लिस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला मेलच्या आकाराची मर्यादा घातलेली असते. अनेक लिस्टांमागे मेलमन असतं, आणि त्याच्या जुन्या दुसऱ्या पिढीत ही मर्यादा मुळात ४० केबी ठेवलेली असे. त्यावरचा मेल थांबतो आणि संचालकाच्या परवानगीची वाट बघतो. तुमची फाइल बहुधा तशीच अडकली. पण आकारापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते. त्या ५०० नोंदींत पुस्तकं देणगी देणाऱ्यांची नावं आणि फोन नंबर आहेत, टिपांच्या रकान्यात. लिस्टचे जुने मेल उघडे असतील तर ते कुणालाही दिसतील. आजच संचालकांना लिहा आणि ती फाइल साठ्यातून काढायला सांगा. सदस्यांकडे पोचलेल्या प्रती परत येणार नाहीत, पण निदान पुढचं तरी थांबेल. यापुढे एकच नोंद पाठवा, मजकूर म्हणून, आणि तीही ओळ न् ओळ वाचून. वकिलांच्या, डॉक्टरांच्या, समुपदेशकांच्या लिस्टवर तर नाव गाळणंही पुरत नाही. वय, पद आणि प्रसंग एकत्र आले की जवळचा माणूस ओळखतोच.

आता ‘जुने मेल शोधून बघा’ या उत्तराबद्दल. ते तुम्हाला लागलं, हे समजतं. पण त्या गृहस्थांनी निदान तुमचा मेल उघडला. शोधायला सांगणं हा अपमान नसतो. मात्र मी त्यांच्या जागी असते तर कोणता शब्द शोधायचा तेही लिहिलं असतं. नवख्याची अडचण तीच असते: त्याच्या डोक्यात ‘विचित्र चिन्हं’ हा शब्द असतो आणि साठ्यात ‘एन्कोडिंग’ हा. शब्दच माहीत नसेल तर शोधणार काय? माझ्यासारख्या जुन्यांनी एवढं लक्षात ठेवायला हवं, आणि हे मी पोटतिडकीनं लिहिते आहे, कारण अशा एका ओळीच्या उत्तरांनी चांगली माणसं कायमची गप्प झालेली मी पाहिली आहेत. तुम्ही आपल्या बाजूनं इतकंच करा, की कुठे कुठे शोधलं ते मेलमध्ये लिहा. संदर्भ ग्रंथपालांसाठी १९९२ मध्ये सुरू झालेली स्टंपर्स नावाची लिस्ट होती. आपल्याकडचे सगळे ग्रंथ धुंडाळूनही हाती न लागलेले प्रश्न तिथे यायचे. अशा प्रश्नाला कुठे पाहून झालं हे सोबत नसेल, तर दहा जण तेच दहा कोश पुन्हा उघडत बसणार.

लिस्टच्या शिष्टाचाराचं एक जुनं टिपण आहे, ऑक्टोबर १९९५ मधलं, आरएफसी १८५५ या नावानं ओळखलं जाणारं. इंटेलमध्ये असलेल्या सॅली हँब्रिज यांनी ते लिहिलं. काहीही पाठवण्याआधी एक-दोन महिने नुसतं वाचावं, असं त्यात सांगितलं आहे. अडलेल्या माणसानं दोन महिने थांबावं, हे मला पटत नाही. पण आठ-दहा जुने प्रश्न आणि त्यांना आलेली उत्तरं वाचायला एक संध्याकाळ पुरते. कोणत्या प्रश्नांना भरभरून उत्तरं आली ते त्यातून दिसतं. तेवढं नक्की करा.

आठवण करून देण्यात गैर काही नाही, पण तुमच्या दोन्ही आठवणी एकेका दिवसाच्या अंतरानं गेल्या आणि दोन्हींत ‘कृपया कुणीतरी उत्तर द्या’ इतकंच होतं. आठवडाभर थांबावं, आणि आठवण करताना काहीतरी नवं द्यावं: ‘दरम्यान लीडर तपासला, नववं स्थान रिकामं आहे.’ मग ती आठवण राहत नाही, प्रश्न एक पाऊल पुढे सरकलेला असतो.

थेट मेलचं मात्र तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ज्यांनी ‘लिस्टवर विचारा’ म्हटलं, त्यांनी तुम्हाला झटकलं असं मला वाटत नाही. त्यांनी खासगीत चुकीचं सांगितलं असतं, तर ते दुरुस्त करायला कुणी नसतं. लिस्टवर एकाचं चुकलं तर दुसरा तासाभरात सांगतो. शिवाय तिघांना वेगवेगळं विचारलं की तिघंही तेच उत्तर खपून लिहितात, एकमेकांना ठाऊक नसताना. मी एकदा एका प्रश्नासाठी दोन संध्याकाळी घालवल्या, नमुना नोंदी तयार करून पाहिल्या, सविस्तर उत्तर पाठवलं. नंतर कळलं, की तोच प्रश्न आणखी दोन लिस्टवर गेला होता आणि पहिल्याच दिवशी सुटलाही होता. फक्त आम्हाला कळवायचं राहिलं होतं. त्यानंतर बरेच दिवस मी अनोळखी नावाचा प्रश्न उघडताना घुटमळत असे. दोन ठिकाणी विचारायचंच असेल तर विचारा, पण दोन्हीकडे तसं लिहा, आणि एकीकडे सुटला की दुसरीकडे त्याच दिवशी सांगा.

सुटल्यावर काय करायचं, यासाठी मला सन-मॅनेजर्स या लिस्टची रीत फार आवडते. सन कंपनीचे संगणक सांभाळणाऱ्यांची ती लिस्ट. तिथे उत्तरं विचारणाऱ्याला खासगीत जायची, आणि त्यानं ती सगळी पडताळून, काय लागू पडलं ते लिहून ‘समरी’ या शब्दानं सुरू होणारा एक मेल लिस्टला परत द्यायचा, असा दंडक होता. हँब्रिज यांच्या टिपणातही हेच आहे: प्रश्न विचारलात तर सारांश द्या, आणि तो खरोखर सारांश असू द्या, आलेल्या उत्तरांची चळत नको. तुमचं जुळलं की पाचच ओळी लिहा. काय दिसत होतं, कारण काय निघालं, कोणाच्या सांगण्यावरून काय बदललं. आणि त्यात ‘विचित्र चिन्हं’ हे शब्दही राहू द्या. पुढची अडलेली ग्रंथपाल शोधताना तेच शब्द लिहिणार आहे.

लिस्टवरचं काही उघडायलाही नको वाटतं म्हणालात. लिस्टवरच्या शेकडो जणांपैकी तुमचं नाव कुणाच्या लक्षात असेल असं वाटत नाही. नवा विषय, कोरा मेल, नवा प्रश्न. ‘मागच्या मेलमध्ये माहिती अपुरी होती, ती आता देते’ एवढी एक ओळ वर लिहिलीत की झालं.

पाठवण्याआधी मजकूर मला दाखवायचा असेल तर जरूर पाठवा. तोवर नोंदी काढून टाकू नका. जुन्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा, तिला हात लावू नका, आणि जे काही करून पाहायचं ते एका नोंदीवर करा. ती नोंद अशी निवडा की शीर्षकात एखादा ‘म’ असेल.